आंब्याच्या सावलीत, शोभेचे आणि फुलपाखरांनाही उपयोगी असे कोणते रानझुडूप लावावे?

आपले आवार कोकणात आहे, दोन जुन्या आंब्यांखाली दिवसभर कवडसेच पडतात आणि तेथे देखणे तसेच फुलपाखरांना उपयोगी पडणारे रानातले झुडूप हवे, असे आपण विचारले आहे. अशा जागी मी शेरवड लावण्यास सांगेन. यालाच भूतकेस असेही म्हणतात, आणि गणपतीच्या माटोळीत, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या रानफळा-पानांच्या सजावटीत, बांधलेली त्याची पांढरी पाने आपण पाहिली असतील.

ते पांढरे पान वास्तविक पान नव्हे. गुच्छातील काही मोजक्या फुलांच्या पाच निदलांपैकी (पाकळ्यांच्या बाहेरील दलांपैकी) एकच वाढून पानाएवढे होते आणि पावसाळी रानाच्या काळोख्या हिरव्यात फुलपाखरांना लांबून दिसते. मध असतो तो शेजारच्या छोट्या, नारिंगी, लांब नळीच्या फुलांत. रोपवाटिकेत मुसेंडा या नावाने मिळणाऱ्या गुलाबी संकरित झाडाची सगळीच निदले रंगीत असतात, पण त्याला बी क्वचितच धरते; म्हणून आपल्या हेतूसाठी रानचेच शेरवड घ्यावे.

मात्र देवराईतून वा रानातून झाड उपटून आणू नये. जूनच्या अखेरीस ओळखीच्या आवारातील अर्धवट जून फांदीची, दोन-तीन पेरांची, वीतभर लांब काडी घ्यावी, खालची पाने काढून वाळू व पालापाचोळ्याच्या खतात सावलीत लावावी. पाणी साचू देऊ नये. झाड आधार मिळाला की त्यावर रेलत पसरते, म्हणून दोन रोपांत ५ ते ६ फूट अंतर असावे.

पाने कुरतडलेली दिसली की फवारणी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कमांडर फुलपाखराची अळी पानाचे टोक दोन्ही बाजूंनी खाते, मधली शीर मात्र राखते आणि तिच्यावर आपली विष्ठा व पानाचे कपटे चिकटवून त्या कचऱ्यात स्वतःही कचऱ्यासारखीच बसून राहते. माझ्या अंगणात मी हे प्रथम पाहिले तेव्हा रोग समजून ते पान खुडणारच होतो. पुढे त्याच झुडपावर तांबूस, पांढऱ्या पट्ट्याचे फुलपाखरू पंख वाळवत बसलेले दिसले.

फुलोरा संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात. छाटण्यापूर्वी लोंबणारे प्रत्येक पिळवटलेले सुके पान नीट पाहावे, कारण कमांडरचा कोष अगदी तसाच दिसतो.