सात महिन्यांच्या बाळाला पाळणाघरात काय शिकवणार?

प्रश्न : ताई, माझी मुलगी ७ महिन्यांची आहे, पुढच्या महिन्यात ऑफिस जॉईन करायचंय. दोन पाळणाघरं बघितली. एक चकाचक, एसी, मोठा टीव्ही, ते म्हणतात आम्ही ६ महिन्यांपासूनच फ्लॅशकार्ड घेतो. दुसरं एका काकूंच्या घरी, चारच मुलं, मदतीला एक मावशी, शिकवणं वगैरे काही नाही. नवरा म्हणतो पहिलंच घेऊ, सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला काय कळतंय, कुठेही ठेव. मला रात्री झोप लागत नाही. – एक आई, पुणे

उत्तर : अगं, कळतं, खूप कळतं, आणि म्हणूनच फ्लॅशकार्ड नकोत. ७ महिन्यांचं बाळ वस्तू तोंडात घालून, आपटून, खाली टाकून शिकतं आणि सगळ्यात जास्त माणसाच्या चेहऱ्याकडे बघून शिकतं, ते "आं" म्हणालं की समोरच्याने "हो का गं?" म्हणायचं आणि मग ते परत काय म्हणतंय त्यासाठी थांबायचं, भाषा अशीच येते. टीव्ही थांबत नाही ना. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको.

माझा कल काकूंकडे आहे, पण आधी तिथे जाऊन तासभर नुसती बस. डायपर बदलताना बाळाशी कोणी बोलतंय का, की भांडं घासल्यासारखं काम उरकतायत? रोज भरवणार कोण, एकच माणूस की जो मोकळा असेल तो? मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. झोपवताना पाठीवरच झोपवायचं, राईची उशी आणि जाड दुपटी पाळण्यात नकोत, हे स्वतः सांग. जागी असताना मात्र सतरंजीवर पालथी खेळू दे. तुझं दूध काढून देणार असशील तर बाहेर ४ तासांच्या वर ठेवू नका आणि बाटलीत उष्टं उरलेलं टाकून द्यायचं, जीव तुटतो पण टाकायचं.

आता खरी गोष्ट. ८ महिन्यांच्या आसपास मुलं अनोळखी माणसाला बघून रडायला लागतात आणि तू नेमकी तेव्हाच जॉईन होणार, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नको. आजपासून रोज जा, पहिले दोन-तीन दिवस तू तिथेच बस, मग अर्धा तास बाहेर, मग दोन तास. निघताना सांगून निघ, डोळा चुकवून पळू नकोस, नाहीतर ती तुला पुढे बाथरूमलासुद्धा जाऊ देणार नाही. घरी पदराआड लपून बुवा-कुक खूप खेळा, गेलेलं माणूस परत येतं हे तिला त्यातूनच समजायला लागतं. संध्याकाळी तुला बघून ती भोकाड पसरेल, तर लगेच दिवसभर हाल झाले असं समजू नको, बऱ्याचदा हक्काचं माणूस दिसलं की मुलं धरून ठेवलेलं रडू सोडतात. दिवसभर कशी होती, खाल्लं का, झोपली का, ते मावशींना विचार.

आणि हो, ऑफिसात ५० किंवा जास्त माणसं असतील तर मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पाळणाघराची सोय करणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि दिवसातून चारदा बाळाला भेटायला जाता येतं. एचआरला लेखी विचार, लाजू नकोस.