डोकं आपटलं की सांगायचं

प्रिय पोरी,

शनिवारी तू पडलीस तेव्हा मी सायकल पार्कातल्या रॅम्पच्या पलीकडे एका मुलाच्या सायकलची चेन बसवत होतो. पडताना पाहिलं नाही, फक्त आवाज ऐकला. सायकल लाकडावर आपटते तो आवाज वेगळा, गुडघ्याचं पॅड घासतं तो वेगळा. हेल्मेट कोपिंगच्या, म्हणजे रॅम्पच्या वरच्या कडेच्या, लोखंडी पाइपला लागतं, तो आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. मी पोचेपर्यंत तू उभी होतीस. "काही नाही काका, मस्त आहे मी," म्हणालीस आणि इकडेतिकडे बघत सायकल शोधू लागलीस. सायकल तुझ्या पायाशीच पडली होती.

मी तुला घरी पाठवलं, पण तुझ्या आईला फोन केला नाही. ती माझी चूक झाली. काल तिचाच फोन आला. दोन दिवस पडदे ओढून पडून आहेस आणि मोबाइलमुळे डोकं दुखतंय असं तिला सांगितलंयस. मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. त्याबद्दल माझ्यावर चिडली असशील तर खुशाल चीड. आज डॉक्टरांकडे जाऊन आलात हे कळलं, जीव भांड्यात पडला.

तू मला मागे विचारलं होतंस की बीएमएक्समध्ये, म्हणजे आपल्या या छोट्या सायकलवरच्या कसरतींत, प्रो व्हायला काय लागतं. तेव्हा मी सरावाचं बोललो, फोम पिटचं, म्हणजे फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्याचं, बोललो. आज जे लिहितोय ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

मी १९९८ साली शिकायला इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला आलो. तुमच्या घरापासून मोटारीनं दीड तास. गाव तसं साधंच, पण बीएमएक्सवाल्यांनी भरलेलं. त्याला लोक 'प्रो टाउन' म्हणायचे. नावाजलेला रायडर डेव्ह मिरा तिथे राहायचा, तसाच दुसरा, रायन नाइक्विस्ट, कॅलिफोर्निया सोडून तिथे आलेला. मी दादरला लहानपणी मल्लखांब केलेला, त्यामुळे उलटं लटकायची भीती नव्हती. खोलीतल्या दोस्तानं जुनी वीस इंची सायकल दिली आणि मी अडकलो तो आजपर्यंत.

मिराचं नाव तू खेळांच्या व्हिडिओत ऐकलंयस. १९९३ साली रस्ता ओलांडताना एका दारूड्यानं गाडीनं त्याला उडवलं, कवटी फ्रॅक्चर झाली. त्यातून तो उठला आणि पुढे एक्स गेम्समध्ये, म्हणजे अशा साहसी खेळांच्या मोठ्या स्पर्धेत, २४ पदकं मिळवली, त्यांतली १४ सोन्याची. २००० साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं स्पर्धेतली पहिली डबल बॅकफ्लिप, म्हणजे हवेत सायकलसकट मागे दोन कोलांट्या, उतरवली. आम्ही पोरं त्याच्याकडून एकच गोष्ट शिकलो, ती म्हणजे पडलास तर ऊठ. कोणी हात धरून थांबवलं तर तो झटकून टाक.

२०१६ च्या फेब्रुवारीत ग्रीनव्हिलमध्येच त्यानं आपलं आयुष्य संपवलं. ४१ वर्षांचा होता, घरी बायको आणि दोन मुली. त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर झालं की त्याच्या मेंदूत सीटीई सापडला. डोक्याला वारंवार मार बसत गेला की हा आजार होऊ शकतो. मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. हा आजार माणूस जिवंत असताना खात्रीनं ओळखता येत नाही, मृत्यूनंतर मेंदू तपासल्यावरच कळतो. आपल्या प्रकारच्या खेळांत हे निदान झालेला तो पहिला. त्याच्या जाण्याचं सगळं कारण एवढंच, असं मी म्हणणार नाही. तो मोटारीखाली आला होता, बॉक्सिंगही करायचा, आणि माणसाच्या मनात काय चाललंय हे बाहेरून कोणाला कळतं. पण आम्ही ज्याला हिंमत म्हणत होतो, त्यात डोक्याला लागलेलं लपवणंही धरलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

माझंही सांगतो. २००३ साली एका छोट्या स्थानिक स्पर्धेत मी पहिल्या फेरीत स्पाइनवर, म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन रॅम्पच्या कण्यावर, पडलो. कानशिलावर पडलो. उठलो, हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तासाभरानं दुसरी फेरी केली. त्या फेरीचं चित्रण माझ्याकडे आहे, आठवण मात्र नाही. चित्रणात मी नीट चालवतोय, टेलव्हिपसुद्धा मारलाय, म्हणजे हँडल धरून हवेत सायकलचा मागचा भाग गोल फिरवलाय. घरी जाताना रोजच्या रस्त्यावरचं वळण चुकलो आणि चाळीस मैल पुढे गेल्यावर लक्षात आलं. पुढचे तीन आठवडे पुस्तकाचं एक पान वाचून होत नव्हतं. दादरला आईशी फोनवर बोलताना मावशीचं नाव आठवेना. आईनं दोनदा विचारलं, "बरं आहे ना रे सगळं?" मी म्हटलं, "हो, झोप कमी झालीय." तू तुझ्या आईला मोबाइलचं सांगितलंस ना, अगदी तसंच.

मेंदूवरचा पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो फार घातक ठरू शकतो, जिवावरही बेततं. मी वाचलो यात माझी काही हुशारी नव्हती. म्हणून आता डॉक्टर सांगतील तेवढे दिवस सायकल नाही. मग चालणं, मग घरातली स्थिर सायकल, मग सपाट जमिनीवर नुसती चक्कर. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. डोकं पुन्हा दुखलं तर एक पायरी खाली. आणि रॅम्प डॉक्टरांनी लेखी दिल्यावरच. यात माझ्याशी घासाघीस करायची नाही.

तू म्हणशील, ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन पडूनही जिंकलीच ना. जिंकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या १ ऑगस्टला, पहिल्या फेरीत ३६० बॅकफ्लिप, म्हणजे मागे कोलांटी घेतानाच पूर्ण गिरकी, मारताना ती आडवी झाली. दुसऱ्या फेरीत परत तीच ट्रिक घेतली, उतरवली, ९७.५० गुण आणि सुवर्ण. अमेरिकेची हॅना रॉबर्ट्स ९६.१० वर राहिली. तुझ्या फोनच्या स्क्रीनवर तोच फोटो आहे. पण ती शुद्धीवर होती. शिवाय त्या एका मिनिटामागे फोम पिटमधले किती दिवस होते याचा विचार कर. आधी फोम, मग प्लॅस्टिकनं मढवलेला मऊ रॅम्प, रेझी, मग लाकूड, आणि सगळ्यात शेवटी प्रेक्षक. त्याआधी ती मेक्सिकन खानावळीत शेफ म्हणून पूर्णवेळ राबायची, हेही लक्षात ठेव. आणि तीन वर्षांनी पॅरिसला तीच शार्लट पात्रता फेरीतच अडली, अंतिम फेरीत पोचलीच नाही. हॅना अंतिम फेरीत दोन्ही वेळा पडली. सुवर्ण चीनच्या डेंग याव्हेनला मिळालं, ती तेव्हा १८ वर्षांची. या खेळात एका दिवसावर आयुष्य टांगून ठेवता येत नाही. पॅरिसमध्ये मुलींच्या एकूण जागाच १२ होत्या.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीला कंपनी 'फ्लो'वर घेते, म्हणजे टायर, ग्रिप, कधी फ्रेम पाठवते, पगार नाही. त्यालाच प्रो समजणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांची फार फरफट होते. खरा करार फार थोड्यांना मिळतो, बाकीचे शो करतात, पार्कात शिकवतात, दुकानात काम करतात. तुझ्या बाबतीत आणखी एक आहे. तुम्ही अजून एच-४ वर, म्हणजे बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर, आहात. त्या व्हिसावर तुला कमाई करता येत नाही, आणि २१ पूर्ण झाली की तो व्हिसाही राहत नाही. कोणी कितीही छोटी रक्कम देऊ केली तरी बाबांना सांगून आधी वकिलाला विचार. कॉलेज सोडायचा विषय तर डोक्यातून काढून टाक. कॉलेजमुळे तुझा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा, व्हिसा होईल, तुला इथे राहता येईल, आणि बाबांच्या नोकरीचा विमा २६ वर्षांपर्यंत तुला धरून राहू शकतो. एक खुब्याचं ऑपरेशन विम्याशिवाय काय पडतं ते इथल्या कोणत्याही जुन्या रायडरला विचार.

आता पडण्याचं. मल्लखांबावर आमचे गुरुजी एरंडेल चोपडलेल्या खांबावर चढवायच्या आधी पंधरा दिवस नुसतं उतरायला शिकवायचे. मला तेव्हा कंटाळा यायचा. तुझा दोष असा आहे की तू सायकल सोडत नाहीस. हवेतच कळतं की ट्रिक गेली. त्या क्षणी हँडल ढकलून दे, सायकल एकीकडे, तू एकीकडे. हनुवटी छातीला. हात ताठ करून जमिनीवर टेकायचा नाही, मनगट आणि गळ्याचं हाड दोन्ही जातात. गुडघ्यांवर घसर, नाहीतर खांद्यावरून लोळ. शनिवारी तू शेवटपर्यंत हँडल धरून होतीस, म्हणून डोकं आधी गेलं. बरी झालीस की महिनाभर आपण फोममध्ये फक्त सायकल सोडायचा सराव करू. एकही फ्लिप नाही. तुला राग येईल, माहीत आहे.

तुझी सायकल माझ्याकडेच आहे. काल रात्री दुकान बंद केल्यावर स्टँडवर घेतली. चाक फिरवलं, आरे दोन-दोन धरून दाबले, पुढच्या चाकाचे तीन ढिले निघाले. मग फडक्यानं फ्रेम पुसली. हेड ट्यूब, म्हणजे हँडलखालची उभी नळी, जिथे खालच्या नळीला जोडली आहे, तिथे रंगावर केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा वाटला, म्हणून नख फिरवलं. नख अडकलं. बाजूनं टॉर्च मारला तर रेघ वेल्डिंगच्या कडेनं अर्धा इंच वळलेली. ती शनिवारी पडली की आधीपासून होती, सांगता येत नाही. आधीपासून असेल तर तू कित्येक दिवस त्या फ्रेमवर उड्या मारत होतीस, आणि मी दर आठवड्याला ती सायकल बघत होतो. ही फ्रेम आता कापून टाकणार आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती लागायला नको. माझी जुनी क्रोमोलीची, म्हणजे मजबूत मिश्र पोलादाची, फ्रेम आहे, तुझ्या उंचीला थोडी लांब पडेल, पण चालेल. तुझे पार्ट तिच्यावर चढवतो.

येत्या शनिवारी डोकं दुखत नसेल तरच ये, आणि आईबरोबर ये. तिच्याशी मला माझ्या चुकीबद्दल बोलायचं आहे. येताना ते हेल्मेट घेऊन ये. बाहेरून धड दिसत असलं तरी आतला पांढरा थर मार सोसताना एकदाच दबतो, परत फुगत नाही. ते तुझ्यासमोर मधोमध कापून दाखवतो, कुठे दबलंय ते तुझ्या बोटानं बघ. नवं हेल्मेट मी मागवलंय, बुधवारपर्यंत येईल.

तुझा,
काका