घरच्या औषधांची सुरुवात कुठून करावी

अगं, एकदम दहा बरण्या भरू नकोस. ओवा, सुंठ, हळद आणि कुंडीत गवती चहा, एवढ्यावर साधं सर्दी-पडसं निभावतं. गवती चहाची पात आणि ठेचलेलं आलं उकळताना वर झाकण ठेव, नाहीतर सगळा अर्क वाफेबरोबर जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही, घरातली मोठी माणसं कितीही म्हणोत. त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. जुलाबासाठी ओआरएसची पुडी घरात असूच दे. नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोटघोट पाजायचं. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, की लगेच डॉक्टरांकडे ने.