कमोडमध्ये काय टाकायचं : डायपर, सुया, उरलेल्या गोळ्या

ताई, सासरे अंथरुणाला खिळलेत म्हणून तुम्ही विचारलंत की डायपर, इन्सुलिनच्या सुया आणि उरलेल्या गोळ्या फ्लश केल्या तर चालेल का. सुया नि डायपर अजिबात नको. आमच्या दादरच्या जुन्या बिल्डिंगीत तळमजल्याच्या संडासातून घाण उलटी आली तेव्हा चेंबर मीच उघडवलं होतं, आत वेट वाइप्सचा नुसता दोरखंड. टॉयलेट पेपर पाण्यात विरघळतो, पण बरेचसे वाइप्स प्लास्टिकच्या धाग्याचे असतात त्यामुळे ते तसेच राहतात, आणि डायपरमधली जेल पाणी पिऊन फुगते ती वेगळीच. ते सगळं उपसायला शेवटी कोणाचा तरी हात आत जातो, त्यात सुई असली तर काय होईल बघा.

डायपरमधली शी कमोडमध्ये झटकायची, डायपर गुंडाळून पेपरमध्ये बांधायचा, वर लाल मार्करने मोठा ठिपका काढायचा, ओल्या-सुक्यात मिसळायचा नाही. मे २०२५ पासून मुंबई महापालिकेने असल्या कचऱ्यासाठी वेगळी गाडी सुरू केलीय पण सोसायटीने नाव नोंदवावं लागतं, तेव्हा सेक्रेटरीच्या मागे लागा (आमच्याकडे दोन मीटिंगा गेल्या त्यात). युरिन बॅग असेल तर लघवी कमोडमध्येच ओता, पिशवी मात्र बाहेर.

सुयांना हार्पिकची किंवा कंडिशनरची जाड बाटली घ्या, बिसलेरीची नको, सुई आरपार जाते. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वर टेप, आणि "सुया" असं लिहायचं. मग फॅमिली डॉक्टरला विचारा, दवाखान्यांना बायोमेडिकल कचरा वेगळा द्यावाच लागतो, आमचे डॉक्टर बिनबोभाट ठेवून घेतात.

गोळ्यांचं मात्र सरसकट नाही म्हणता येत नाही. साध्या गोळ्या, अँटिबायोटिक वगैरे फ्लश करू नका, सांडपाणी शुद्ध करताना औषधं पूर्ण निघत नाहीत. पण केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये १७ औषधांची यादी काढली, ट्रामाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल ही जबरदस्त दुखण्यावरची, डायझेपाम हे शांत झोपवणारं, असली, ती घरात पडून राहण्यापेक्षा फ्लश केलेली बरी. कॅन्सरच्या पेशंटला दुखण्यासाठी फेंटानिलचा पॅच लावतात ना, तो वापरून झाल्यावरही त्यात औषध उरतं, लहान पोराने अंगाला चिकटवला तर जीवावर बेतू शकतं. चिकट बाजू आत दुमडून लगेच कमोडमध्ये, डस्टबिनमध्ये नाही.