आफ्रिकेतल्या डेव्हलपर्सनी बनवलेले मोबाइल गेम कोणते, आणि ते कसे खेळायचे?

मी सहा वर्षं नायजेरियातल्या लागोसला होतो, इकेजा भागातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. त्यामुळे उत्तर माझ्याकडे आहे, फक्त ते लांबेल. हा विषय निघाला की मला घरातच "तिकडे कोण गेम बनवतंय?" असं ऐकून घ्यावं लागलंय. तुम्ही निदान सरळ मनाने विचारलंत.

एकच गेम घ्यायचा असेल तर 'व्हॉट किंग' घ्या. तो मालियो गेम्सचा आहे. ही लागोसची कंपनी ह्यूगो ओबी यांनी 2012 साली सुरू केली. त्यांचे सुरुवातीचे खेळ अगदी छोटे होते. एकात डास मारायचे, एकात ओकाडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, ट्रॅफिकमधून काढायची. मला तिथे दोनदा मलेरिया झाला आणि ओकाडावर बसून मी रोज बाजारात जायचो. हे खेळ कुठून आले ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

व्हॉट हा मुळात पत्त्यांचा खेळ. आपल्याकडे बदामसात जसा घरोघरी, तसा नायजेरियात व्हॉट. तो मी फोनवर शिकलो नाही.

रात्रपाळीला लाइट गेली की जनरेटर चालू व्हायचा. तासातून एकदा डिझेल आणि तापमान बघून यायचं, मधल्या वेळात हाताला काम नाही. तेव्हा आमचा इलेक्ट्रिशियन, स्टोअरकीपर आणि गेटवरचा सिक्युरिटी असे तिघं पालथ्या खोक्यावर टॉर्च ठेवून खेळत बसायचे. मी दिसलो की "ओगा" म्हणत उठून उभे राहायचे आणि पानं खिशात जायची. ओगा म्हणजे साहेब. दोन महिने हेच चाललं. मेसमध्ये एकटा जेवायचो, खोलीवर एकटा झोपायचो, आणि जिथे चार माणसं हसत बसलीत तिथे मी गेलो की हसणं थांबायचं. एका रात्री मी सरळ खोक्यापाशी मांडी घालून बसलो आणि म्हणालो, मलाही वाटा.

पहिल्याच डावात माझ्या हातात दोन पानं उरली होती. इलेक्ट्रिशियनने चौदा टाकला आणि ओरडला, "जनरल मार्केट!" बाकी सगळ्यांनी एकेक पान उचललं. मग सिक्युरिटीने माझ्यावर "पिक टू" टाकलं. दोनाची पाच झाली. तरीही झगडत मी एका पानावर आलो, पण "लास्ट कार्ड" म्हणायचं राहिलं. स्टोअरकीपर टाळी वाजवून म्हणाला, "ओगा, यू नो टॉक लास्ट कार्ड!" आणि दंडाची पानं माझ्यापुढे सरकवली. साहेब म्हणून कुणी एका पानाची सूट दिली नाही. त्या रात्रीनंतर मला बघून कुणी उठून उभंही राहिलं नाही. लाइट आली की बाहेरच्या वस्तीतून पोरं "अप नेपा!" ओरडायची. नेपा हे वीज मंडळाचं जुनं नाव, मंडळ गेलं तरी आरोळी राहिली. ती ऐकू आली की आम्ही डाव आवरायचो.

2017 मध्ये निघालो तेव्हा त्यांनी मला तोच कॅट दिला. त्रिकोणाचा आठ हरवला होता, म्हणून खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर पेनाने काढलेला.

तो कॅट मी गणपतीत साडूंच्या घरी नेला. पुण्यात आयटीत आहेत, माझ्यापेक्षा मोठे, घरात त्यांचा शब्द मानतात. त्यांनी दोन पानं उलटून पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, हे तर उनो. तिकडे पण कॉपीच करतात वाटतं." पुढे काही वर्षांनी दिवाळीत त्यांच्या मुलाला मी व्हॉट किंग लावून दिला. नियम न वाचता तीन डाव हरला आणि एक स्टार देऊन मोकळा झाला. वर लिहिलं, उनोची नक्कल.

उनो हाही पानं जुळवून टाकायचा खेळ, तो अमेरिकेत 1971 साली आला. व्हॉट 1935 चा, इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री स्टोरी यांनी काढलेला. छत्तीस वर्षं आधीचा खेळ नंतरच्याची नक्कल कसा करेल? साध्या बावन्न पानांवर खेळतात तो क्रेझी एट्स हा दोघांच्याही घराण्यातला. आणि व्हॉट इंग्लंडचा असला तरी आज तो जिवंत आहे तो नायजेरियामुळे. तिथल्या आरोळ्या, तिथले दंड, तिथलं पिजिन, म्हणजे इंग्रजीतून घडलेली बोली, त्यात मुरलंय. हे मी तेव्हा बोललो नाही, कारण सणाचा दिवस होता. आता लिहितोय.

आता खेळायचं कसं. कॅटमध्ये 54 पानं. पाच आकृत्या: गोल, त्रिकोण, फुली, चौकोन, चांदणी. शिवाय वीस आकड्याची पाच 'व्हॉट' पानं. सहा आणि नऊ हे आकडे नाहीतच, नवखा माणूस तेच शोधत बसतो. हातातली पानं आधी संपवायची. वरच्या पानाशी आकृती किंवा आकडा जुळेल ते पान टाकायचं, नसेल तर ढिगातून उचलायचं. ढिगाला मार्केट म्हणतात. एक म्हणजे होल्ड ऑन, पुन्हा तुमचीच पाळी. दोन टाकलं की पुढच्याने दोन उचलायची, पाच टाकलं की तीन. आठ म्हणजे सस्पेन्शन, पुढच्याची पाळी गेली. चौदा म्हणजे जनरल मार्केट. वीस कशावरही चालतं आणि पुढची आकृती तुम्ही मागायची.

एवढं कुणीही सांगेल. खरा खेळ मोजण्यात आहे. आठ फक्त तीनच असतात, गोल, त्रिकोण आणि चांदणीचा. दोन पडून गेले की तिसरा कुणाकडे आहे त्याचा अंदाज घ्या. चौदा चार, चांदणीचा चौदा नसतो. समोरच्याने वीस टाकून चांदणी मागितली तर त्याच्याकडे त्या वेळी चांदण्या जास्त आहेत, कारण चांदणीची पानं एकूण सातच आणि डाव संपताना हातात राहिली तर त्यांचे दंडाचे गुण दुप्पट धरतात. म्हणून तो त्या घाईने काढतोय. वीस शेवटपर्यंत दाबून ठेवावंसं वाटतं, पण दुसरा आधी सुटला तर तुमच्या नावावर वीस गुण चढतात. दोघांतच खेळत असाल तर गोल एक, गोल चौदा, गोल आठ आणि आणखी एक गोल जमवा. आमच्या टोळीत चौदा टाकणाऱ्यालाच पुढची पाळी मिळायची, त्यामुळे ही चार पानं सलग टाकून समोरच्याला हातही लावू न देता सुटता यायचं. इलेक्ट्रिशियनने मला हे असं तीनदा केलं, तेव्हा कुठे ते माझ्या लक्षात आलं.

आणि एकट्याने मशीनशी दहा डाव खेळून मत बनवू नका. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा, "लास्ट कार्ड" तोंडाने म्हणा, शेवटचं पान टाकताना "चेक अप" म्हणा. बहुतेक लोक या गेममध्ये पब्जीसारखे ग्राफिक्स शोधतात आणि मग नाकं मुरडतात. ते चूक आहे. डोसा खाऊन यात पुरण नाही म्हणण्यासारखं आहे.

तुम्ही 'कोणते' असंही विचारलंय. मालियोचाच 'इवाजू: रायझिंग शेफ' हा स्वयंपाकाचा गेम 2024 च्या फेब्रुवारीत आला, डिस्नीच्या इवाजू या लागोसवरच्या मालिकेसोबत. ऑर्डरी येतात, वेळेत नायजेरियन पदार्थ करून वाढायचे. जोलोफ राइस खाल्लेल्या माणसाला त्यात वेगळी गंमत आहे. इथिओपियात अदिस अबाबाच्या केने गेम्सचा 'कुकुलू', त्यात आपल्याला शिजवू पाहणाऱ्यापासून कोंबडी पळत असते, लहान मुलांना लगेच जमतो. केप टाउनच्या फ्री लाइव्ह्जचा 'टेरा निल' 2023 मध्ये आला, मोबाइलवर तो नेटफ्लिक्समार्फत दिला गेला. ओसाड जमिनीवर पवनचक्क्या लावायच्या, माती शुद्ध करायची, हिरवळ आणायची, आणि शेवटी आपली सगळी यंत्रं उचलून न्यायची. मी त्यात सुरुवातीला यंत्रं जवळजवळ लावली आणि शेवटी ती काढताना अडचण झाली. नदी कुठून जाणार ते आधी ठरवा.

आफ्रिका हा खंड आहे, हे मात्र कृपया लक्षात ठेवा. मला लागोस माहीत आहे, बाकीचं मी फोनवर खेळून बघितलंय. कॅमेरूनच्या किरो'ओ गेम्सचा 'ऑरियन' लोक या यादीत घालतात, पण 2016 मध्ये तो संगणकासाठी आला होता, फोनवर शोधून वेळ घालवू नका. स्टोअरवर व्हॉट नावाची बरीच ॲप दिसतील, डेव्हलपरचं नाव बघूनच उतरवा. काही पैसे लावून खेळायची असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका, आपल्याकडे 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद आहेत. एखादा गेम भारतातल्या स्टोअरवर दिसला नाही तर इकडून तिकडून फाइल घेऊन टाकू नका.

नियमांचंही घराघरात वेगळं असतं. दोनावर दोन टाकून स्वतःला वाचवता येतं का, यावर लागोसमध्ये मी माणसं तासभर भांडताना पाहिलीत. इलेक्ट्रिशियनशी अजून रविवारी फोन होतो, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे पाच. त्याला परवाच पुन्हा विचारलं. तो म्हणतो चालत नाही, दोन उचलायचीच. आमच्या घरी आम्ही तसंच खेळतो.