इंद्रायणीचा वास उन्हाळ्यात का उडतो?

पिंपळनेर पट्ट्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न: "दिवाळीत घरच्या इंद्रायणीचा भात शिजला की शेजारपर्यंत घमघमाट जायचा. तेव्हाच सगळी साळ गिरणीतून काढून तांदूळ पोत्यांत भरला. आखाजीला त्याच तांदळाला वास राहिला नाही, उलट खवट वाटतो. बियाणं बिघडलं का? आणि वासाबरोबर चवही जाते का?" नवापूरकडच्या एका ताई बचत गटातून तांदूळ विकतात. त्यांचं गिऱ्हाईकही हीच तक्रार करतं.

भाऊ, दिवाळीत वास होता ना? मग बियाणं चांगलं आहे. सगळी साळ एकदम भरडली, तिथे नुकसान झालं.

इंद्रायणी ही आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेली जात, तिचा सुवास आंबेमोहराकडचा. तो मुख्यतः २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन या संयुगाचा असतो. मक्याच्या गरम लाह्यांच्या वासातही हेच असतं. एक अब्ज भाग पाण्यात त्याचा ०.१ भाग असला तरी नाकाला कळतो. ते शेतातच, उभ्या पिकात तयार होतं. शिजवताना फक्त मोकळं होतं. पण ते उडून जाणारं आहे, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे. तूस काढलेल्या दाण्यातून ते लवकर निघून जातं, साधं विणलेलं पोतं ते अडवत नाही. त्याच वेळी दाण्यावर उरलेल्या कोंड्यातलं तेल हवेने खराब होतं आणि हेक्झॅनलसारखे खवट वासाचे पदार्थ वाढतात. चांगला वास घटतो, वाईट वाढतो, म्हणून फरक इतका ठळक जाणवतो. हातसडीच्या तांदळात कोंडा जास्त, त्यामुळे तो आणखी लवकर खवट होतो.

आता चवीचं. घास चावताना त्याची वाफ घशामागून नाकात चढते, आणि आपण भाताची चव म्हणतो ती बरीचशी हीच. जिभेला एकट्या भातात फारसं काही सापडत नाही. मऊपणा, चिकटपणा मात्र वासावर अवलंबून नाही, तो प्रामुख्याने दाण्यातल्या अमायलोजवर, म्हणजे एका प्रकारच्या स्टार्चवर, ठरतो. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा शिजतो. कढीसोबत मोकळा भात आवडणाऱ्यांना तो बराही वाटेल. पण ताई, तुमचं गिऱ्हाईक सुवासासाठी पैसे मोजतं. त्याला जुना तांदूळ नव्याच्या भावात देऊ नका.

यंदापासून साळच ठेवा. महिन्याला लागेल तेवढीच भरडा. गिरणीची फेरी वाढेल, तरी ती परवडते. साळ १२ ते १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून घरातल्या थंड कोपऱ्यात, जमिनीपासून उंच फळीवर ठेवा. पत्र्याखाली नको. शेजारी कांदा, मिरची, फवारणीची औषधं अजिबात नकोत, तांदूळ वास ओढून घेतो. कापणी लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की करा, उभं पीक कडकडीत वाळू देऊ नका. आणि तापलेल्या डांबरी रस्त्यावर साळ पसरणं कृपा करून थांबवा. तिथे वास तर जातोच, दाण्याला चिराही पडतात आणि गिरणीत कणीच जास्त निघते. सौम्य उन्हात पातळ थर पसरून हलवत राहा.

शिजवताना तांदूळ चोळचोळून धुऊ नका. अर्धा तास भिजवा, म्हणजे कमी वेळात शिजतो आणि वास कमी उडतो. झाकण ठेवा. पाणी बेताचं घाला, वेळून ओतलेल्या पेजेबरोबर सुवासही जातो.

बियाण्याची शंका उरलीच असेल तर हे लक्षात घ्या: सुवासाचा गुण आई-बाप दोन्ही रोपांकडून आला तरच दाण्यात उतरतो, दुसऱ्या जातीचे पराग मिसळले की हुकतो. म्हणून बियाण्याचा तुकडा शेताच्या मध्यावर राखा, दुसऱ्या जातीला लागून असलेल्या बांधाकडेचा नको. उंचीला किंवा पसवण्याच्या वेळेला वेगळी दिसणारी रोपं उपटून टाका, आणि राखायच्या लोंब्यांतले काही दाणे सोलून एकेक चावून बघा. वास न देणारी लोंबी बियाण्यात घेऊ नका.