फी नाही, पण सेमिस्टर महाग पडतं

तू तीन गोष्टी विचारल्यास: बी.ई.चे १६० क्रेडिट जर्मनीत किती धरतात, १२० क्रेडिटचं मास्टर्स खरंच दोन वर्षांत होतं का, आणि सरकारी विद्यापीठात फी नसते हे कितपत खरं. मी निघाले तेव्हा मला फक्त तिसऱ्याची पडली होती. पहिल्या दोन प्रश्नांनी मात्र मला नंतर चांगलंच पिदवलं, म्हणून त्यांच्यापासूनच सुरू करते.

इथले क्रेडिट म्हणजे ईसीटीएस, युरोपभर चालणारी क्रेडिट मोजायची पद्धत. वर्षाला ६०, सेमिस्टरला ३०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात आणि त्यात लेक्चर, घरचा अभ्यास, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं आलं. म्हणजे ६ क्रेडिटचा विषय टाइमटेबलमध्ये आठवड्याला चारच तास दिसला तरी तो दीडशे ते एकशे ऐंशी तास खाणार. आपल्याकडे यूजीसीच्या चौकटीत वर्षाला साधारण ४० क्रेडिट होतात आणि एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास लेक्चर, सत्रभरात १५ तास. त्यामुळे ढोबळ हिशोब दीडपटीचा: १६० चे २४०. तुझ्या मार्कशीटवर वर्षाला ४० च पडतात का ते आधी बघ. कमीजास्त असतील तर ६० ला त्या आकड्याने भाग आणि जे येईल त्याने प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुण.

तुझ्या भावाच्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.चंही तू विचारलंस. १२० चे १८० होतात, आणि इथली बॅचलर पदवी नियमानेच १८० ते २४० क्रेडिटची असते, त्यामुळे 'तीन वर्षांची म्हणजे अपुरी' हा प्रश्न सहसा येत नाही. बॅचलर आणि मास्टर्स मिळून ३०० भरायला हवेत, एवढं लक्षात ठेव. १८० वाल्याने १२० चं मास्टर्स घेतलं की जमलं. ९० क्रेडिटचं, तीन सेमिस्टरचं मास्टर्स मात्र आधी २१० मागतं. मग वरचे ३० भरून काढायला लावतात, नाहीतर अर्ज बाजूला ठेवतात.

पण एकूण बेरजेवर सहसा कोणी अडत नाही गं, अडतं ते विषयवार. माझ्या पहिल्या अर्जाच्या वेळी अट होती गणितात किमान २० ईसीटीएस. माझे गणिताचे तीन पेपर, प्रत्येकी ४ क्रेडिट. बारा दीडे अठरा. दोन क्रेडिटने नकार आला. खरं तर चौथा पेपर न्यूमरिकल मेथड्सचाच होता, पण आमच्या कॉलेजने त्याला 'कॉम्प्युटेशनल टेक्निक्स' असं नाव दिलेलं, आणि नावावरून तो प्रोग्रॅमिंगच्या खात्यात गेला. पुढच्या वेळी मी त्या विषयाच्या सिलॅबसची दोन पानं विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यासह जोडली आणि त्याच मार्कशीटवर दुसरीकडे प्रवेश मिळाला. तेव्हा विद्यापीठाचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे प्रत्येक विषयात काय शिकवतात आणि त्याला किती क्रेडिट हे सांगणारी पुस्तिका उघड, एका रकान्यात त्यांचे विषय, दुसऱ्यात तुझे, तिसऱ्यात क्रेडिट लिही. कंटाळवाणं काम आहे, दोन रविवार जातील.

आता फी. शिक्षण हा इथे राज्यांचा विषय. संघराज्य सरकारने फीवर घातलेली बंदी घटनात्मक न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केली, मग काही राज्यांनी सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत फी लावली. लोक इतके चिडले की एकेक राज्याने ती मागे घेतली, सगळ्यात शेवटी लोअर सॅक्सनीने २०१४ मध्ये. आपल्यासारख्यांसाठी मात्र फीचं दार पुन्हा किलकिलं झालं आहे. बाडेन-व्युर्टेमबेर्ग, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबेर्ग, फ्रायबुर्ग, हे २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठात २०२४-२५ च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० किंवा ६,००० युरो पडतात. बाकी बऱ्याच ठिकाणी फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी असते.

तरी १,५०० ऐकून श्टुटगार्टवर लगेच फुली मारू नकोस. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा), म्हणजे महिना ९९२. एक सेमिस्टर लांबलं तर सहा महिने गुणिले ९९२, ५,९५२ युरो. बाडेन-व्युर्टेमबेर्गची चार सेमिस्टरची फी ६,०००. जवळपास तेवढेच! मी बिनफीचं विद्यापीठ निवडलं आणि एका विषयात नापास झाले. तो पेपर वर्षातून एकदाच होता, त्यामुळे पुढचा विषय अडला, त्याच्यामागे थेसिस अडला, आणि चारची पाच सेमिस्टर झाली. कशाची बचत झाली, सांग.

दोन वर्षं हा नियमातला कालावधी असतो. जर्मन मुलं तो सर्रास ओलांडतात आणि त्यांना कोणी फारसं बोलत नाही. आपला निवास परवाना अभ्यासाशी बांधलेला असतो. नूतनीकरणाच्या वेळी आतापर्यंत किती क्रेडिट झाले ते दाखवावं लागतं आणि वाजवी वेळेत पदवी पुरी होईल असं दिसायला हवं. शिवाय एका परीक्षेला बहुतेक ठिकाणी तीनच संधी. तिसऱ्यांदा सक्तीचा विषय गेला तर नाव काढतात आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. हे ऐकून घाबरू नकोस. पहिल्या सेमिस्टरला ३० च्या ऐवजी २४ घेतलेस तर पुढे कुठे भरणार ते मात्र आधीच ठरव, कारण तेव्हा नोकरीही सुरू होते. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस कामाची मुभा आहे, आणि हातात पैसे आले की अभ्यासाचे तास तिथूनच कापले जातात. माझे तरी गेले.

तिशीच्या आत ये. सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर तिशीपर्यंतच मिळतो.

एपीएस प्रमाणपत्राचा, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासून जर्मन दूतावासाचा विभाग देतो त्या दाखल्याचा अर्ज आत्ताच कर, नोव्हेंबर २०२२ पासून त्याशिवाय भारतातून विद्यार्थी व्हिसा होत नाही आणि निकालाला वेळ लागतो. आणि कॉलेज सोडायच्या आत आठही सेमिस्टरच्या सिलॅबसवर शिक्के घेऊन ठेव. मला इथून फोन करकरून, मैत्रिणीला दोनदा कॉलेजात पाठवून ते मिळवावे लागले होते. तीन रकान्यांचा तक्ता झाला की मला पाठव, गणित आणि मेकॅनिक्सच्या ओळी मी बघते.